ठाणे-नेरूळ

सकाळपासून एकच पोस्ट तीन जणांनी शेअर केलेली दिसली. 'जे सोडून गेले ते आपले नव्हतेच.' खाली बदामांचा पाऊस. दुपारी भाचीचा फोन आला. पहिलीपासूनच्या मैत्रिणीला तिनं ब्लॉक करून टाकलंय, आणि आता म्हणे खूप शांत वाटतंय. मला नाही शांत वाटत. डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आपले नव्हते म्हणजे काय? कुणी ठरवलं?

माझी एक मैत्रीण आहे, शाळेपासूनची. तलावपाळीवर एक भेळ घेऊन दोघींनी संध्याकाळच्या संध्याकाळ काढलेली. लग्नानंतर ती नेरूळला गेली, मी नौपाड्यातच. ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडली की अर्ध्या-पाऊण तासात नेरूळ. तेवढं अंतर नऊ वर्षं आम्हाला कापता आलं नाही. बाबा महिनाभर आयसीयूत होते, ती आली नाही. तेराव्यालाही नाही. मी फोन केला नाही, तिनंही केला नाही. भांडण असं झालंच नाही हो. झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं तरी असतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात चिपळूणला वर्गातल्या एकीच्या मुलीचं लग्न होतं. कोकण रेल्वेची मे महिन्यातली तिकिटं कशी जातात ते तुम्हाला सांगायला नको. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं आणि चहा गाळेपर्यंत वेटिंग लागतं. त्या वर्गमैत्रिणीनंच परस्पर ठरवून टाकलं, तुम्ही दोघी एका गाडीतून या. मी कळवलं, नेरूळ स्टेशनला येते. उत्तर आलं, 'साडेपाचला खाली उभी राहा.' नकाशा बघा एकदा. नेरूळहून चिपळूणला जायचं तर ठाणं उलट्या दिशेला. बेलापूर रोडनं ती मागे आली, मला घ्यायला. आपली नव्हती म्हणे!

पनवेल गेलं, पेण गेलं, वडखळ गेलं. एसी वाढवू का, नको, एवढंच बोलणं. माणगावला गाड्यांची रांग लागली ती हलेचना. 2011 पासून या रस्त्याचं चौपदरीकरण चाललंय, त्याचा संताप वेगळाच, त्यावर पुन्हा कधीतरी. उन्हात एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं विकत होती. हिनं काच खाली करून दोन द्रोण घेतले. एक करवंद अर्धं तोडलं, माझ्याकडे न बघता मूठ मिटली आणि विचारलं, "कोंबडा की कोंबडी?"

लहानपणी खेळलेले आहात ना? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. मी म्हटलं कोंबडा. तिनं मूठ उघडली, कोंबडी होती. मला रडू फुटलं. चाळिशी ओलांडलेली बाई मी, हायवेवर करवंदाच्या चिकानं हात बरबटलेले आणि रडतेय.

मग कशेडीच्या बोगद्यात तीच बोलली. "काकांच्या वेळी मी यायला हवं होतं." मी म्हटलं, "हो, यायला हवं होतंस." थोड्या वेळानं ती म्हणाली, "माझ्या घराच्या वास्तुशांतीला तूही आली नव्हतीस." खरं होतं. तिनं दोनदा बोलावलं होतं. बाबांच्या आधीची गोष्ट, आणि मला आठवतसुद्धा नव्हती. नऊ वर्षं मी फक्त तिची चूक जपून ठेवली होती.

का आली नाही, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अजूनही कधी कधी सलतं ते, खोटं कशाला बोलू? पण समोरासमोर बसून हे बोलणं दोघींना कधीच जमलं नसतं. गाडीत दोघींची नजर रस्त्यावर असते, आणि मध्येच उठूनही जाता येत नाही.

आता कुणीतरी लिहीलच, की काही माणसं खरोखर तोडावी लागतात. लागतात. फसवणारी, अंगावर हात टाकणारी माणसं जरूर तोडा. पण मेसेजला उत्तर दिलं नाही, वाढदिवस विसरली, परक्या गावी गेली, म्हणून? एवढ्यासाठी तुम्ही माणसं ब्लॉक करता आणि वर त्याला स्वतःची काळजी घेणं म्हणता? राग येतो मला याचा. तुमच्या आईची हाक कशी होती, तुमच्या जुन्या घराचा जिना कुठे तुटलेला होता, हे माहीत असलेलं माणूस आयुष्यात किती वेळा भेटणार आहे?

भाचीला मी ओरडले फोनवर. नको होतं ओरडायला. एकोणीस वर्षांची आहे पोर, दुखावली असणार. तिचं ऐकून तरी घ्यायला हवं होतं, उद्या पुन्हा फोन करते.

आत्ता हे लिहिताना नेरूळहून फोटो आलाय. तळहातावर अर्धं तोडलेलं करवंद, वर अंगठा ठेवून झाकलेलं. मी कोंबडा लिहून पाठवलंय.