पडलेल्या उमेदवाराने कसं बोलावं

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पडला आहात, आणि तेही अमेरिकेत. आपल्याकडे पडलेल्या माणसाची सोय होते. महामंडळ असतं, विधान परिषद असते, गेला बाजार एखादी पतपेढी तरी असतेच. तिकडे पडला म्हणजे पडला. विरोधी पक्षनेत्याची गाडी नाही, बंगला नाही, सभागृहात उभं राहून कागद फाडायचीही सोय नाही. घरी जायचं, कुत्र्याला फिरवायचं आणि दोन वर्षं वाट बघायची.

दोन वर्षांनी मध्यावधी निवडणूक येते. मध्यावधी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पडलेलं सरकार आणि गुवाहाटीचं हॉटेल येतं. तिथे तसं काही नाही. ही निवडणूक कॅलेंडरातच छापलेली असते: राष्ट्राध्यक्षाची चार वर्षांची मुदत निम्मी सरली की नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या साधारण एक तृतीयांश. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाने या वेळी जागा गमवायच्या, ही तिथली जवळपास रीतच आहे. निकाल लागला, राष्ट्राध्यक्षाचं तोंड उतरलं, की तुमचा मुहूर्त आला. आता तोंड उघडा.

पण कसं उघडाल? सरळ उठून बोलायला लागलात तर पहिल्याच वाक्याला समोरून येईल, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ म्हणून हा हितोपदेश. मुख्य धडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल: काहीही करा, पण बरोबर असू नका. बरोबर असणं ही पडलेल्या माणसाला न परवडणारी चैन आहे.

उदाहरणार्थ अल गोर, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष आणि डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार. २००० साली देशभरात रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे पाच लाख चाळीस हजार मतं जास्त मिळवून हा माणूस पडला. कारण तिकडे राष्ट्राध्यक्ष देशभरातली मतं ठरवत नाहीत, राज्याराज्यांच्या निर्वाचकांची मतं ठरवतात, आणि सगळं फ्लोरिडा या एका राज्यावर अडलं होतं. फ्लोरिडात साठ लाखांच्या आसपास मतदान झालं आणि फरक ५३७ मतांचा. तेवढी तर आपल्याकडे हाउसिंग सोसायटीच्या निवडणुकीत वादग्रस्त असतात. निकालाच्या रात्री गोरनी बुशना फोन करून पराभव मान्य केला, मग तासाभरात पुन्हा फोन करून ‘मान्य केलेलं परत घेतो’ म्हणून कळवलं. पुढे पाच आठवडे लोक भोक पाडून मत दिलेल्या मतपत्रिका दिव्यासमोर धरून छिद्रं न्याहाळत बसले. कागदाचा कपटा पुरता पडला की लोंबतोय, नुसताच फुगलाय की आरपार उजेड दिसतोय, यावर महासत्तेचा कारभार अडला होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे तिकडे कुणी सांगितलेलं नसावं. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला आणि मोजणी थांबली. दुसऱ्या दिवशी पराभव मान्य करताना गोर म्हणाले, या वेळी मी परत फोन करणार नाही असं वचन बुशना दिलंय.

इथवरचं त्यांचं वागणं अनुकरणीय. त्याहून अनुकरणीय म्हणजे ६ जानेवारी २००१. उपराष्ट्राध्यक्ष हा सिनेटचा अध्यक्ष असतो, म्हणून दोन्ही सभागृहांसमोर निर्वाचकांची मतं मोजायला खुर्चीत कोण, तर गोरच. म्हणजे स्वतःच्या तेराव्याचं ताट स्वतःच वाढायचं. बुश २७१, गोर २६६. प्रतिनिधीगृहातले काही कृष्णवर्णीय सदस्य एकेक करून उठले आणि फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घेऊ लागले, म्हणजे गोर यांच्याच बाजूने. नियम असा की हरकतीवर एका सिनेटरचीही सही हवी. एकाही सिनेटरने केली नव्हती. एक बाई चिडून म्हणाल्या, सही नाही याची मला पर्वा नाही. गोर म्हणाले, नियमांना पर्वा आहे. आणि हातोडा आपटला. पडावं तर असं पडावं, की पाडणाऱ्यालाही चुकल्यासारखं व्हावं.

मग त्यांनी दाढी वाढवली. ही उपयुक्त सूचना आहे, लिहून घ्या. पडलेला उमेदवार काय बोलतो हे कुणी छापत नाही, दाढी मात्र सगळे छापतात. दाढीचा अर्थ काय, ही माघार की पुनरागमन, यावर लोकांनी गंभीर चेहऱ्याने चर्चा केली. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

पण २३ सप्टेंबर २००२ रोजी गोर सॅन फ्रान्सिस्कोत उभे राहिले आणि म्हणाले की इराकवर चढाई केली तर ज्यांनी आपल्यावर हल्ला केला त्यांच्याविरुद्धची लढाई कमकुवत होईल. आधी तेच काम पुरं करा. शिवाय सद्दाम पडल्यावर त्या देशाचं पुढे काय, हेही विचारलं. आता हे वाक्य आज कुठल्याही चहाच्या टपरीवर कुणीही बोलेल. तेव्हा मात्र वॉशिंग्टनमधल्या एका मान्यवर स्तंभलेखकाने त्या भाषणाला नीच आणि तिरस्करणीय म्हटलं. अकरा सप्टेंबरला वर्षच झालं होतं. निवडणूक सहा आठवड्यांवर होती. गोर यांच्याच पक्षातल्या लोकांनी घड्याळाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि ऑक्टोबरात युद्धाचा ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ असा मंजूर झाला. डेमोक्रॅट पक्षाच्या पन्नासपैकी एकोणतीस जणांनी बाजूने मत दिलं. आपण देशभक्त ठरू आणि मग निवडणूक महागाईवर लढू, असा तो सुज्ञ हिशेब.

हिशेब कसा सुटला ते जॉर्जियाच्या मॅक्स क्लीलंड यांना विचारायला हवं होतं. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेला हा सिनेटर. त्यांनीही ठरावाच्या बाजूनेच मत दिलं होतं. तरी त्यांच्या विरोधातल्या टीव्ही जाहिरातीत बिन लादेन आणि सद्दाम यांचे चेहरे झळकले आणि देशाच्या सुरक्षेबाबत ते कच्चे असल्याचं मतदारांना कळवण्यात आलं. ते पडले. त्या ५ नोव्हेंबरला बुश यांच्या पक्षाने रीत मोडून प्रतिनिधीगृहात जागा वाढवल्या आणि सिनेटही खिशात घातली.

आता बघा, गोर यांची पंचाईत काय झाली. मध्यावधीत राष्ट्राध्यक्ष हरला असता तर ‘मी म्हणत नव्हतो?’ म्हणता आलं असतं. जिंकल्यावर काय म्हणणार? तरी ते म्हणालेच. त्या नोव्हेंबरात पत्नीबरोबर लिहिलेली कुटुंबव्यवस्थेवरची पुस्तकं घेऊन ते गावोगाव, स्टुडिओस्टुडिओत फिरत होते. मुलाखतकार कुटुंबाबद्दल दोन प्रश्न विचारी आणि तिसऱ्याला बुशवर येई. गोर मोकळेपणाने टीका करत आणि लोक म्हणत, वा, आता कसा मोकळा वाटतो माणूस. हाच माणूस उभा राहिला असता तर आम्ही मत दिलं असतं! ही लोकांची आवडती दाद. मत द्यायची वेळ टळली की माणूस फार मोकळा वाटायला लागतो.

लक्षात घ्या, बुश यांनी उत्तर दिलं नाही. गोर नावाचा मनुष्य आपल्या ओळखीचा आहे असंही दाखवलं नाही. वाघाने डुरकावं आणि समोरच्याने जांभई द्यावी, तसं. इथे माझी दुसरी शिकवण सुरू होते: टीका महत्त्वाची नाही, राष्ट्राध्यक्षाचा पारा महत्त्वाचा.

यात उस्ताद म्हणजे रिचर्ड निक्सन. १९६० ला केनेडींकडून जेमतेम एक लाखाच्या फरकाने पडले. १९६२ ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहून पुन्हा पडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकारांपुढे येऊन म्हणाले, आता तुम्हाला लाथा घालायला निक्सन मिळणार नाही, ही माझी शेवटची पत्रकार परिषद. चार दिवसांत एका टीव्ही वाहिनीने त्यांच्या राजकीय मृत्युलेखाचा कार्यक्रमही दाखवून टाकला. जिवंतपणी मृत्युलेख ऐकायला मिळणं ही पडलेल्यांनाच लाभणारी सवलत.

असा हा मेलेला माणूस १९६६ च्या मध्यावधीत गावोगाव फिरून दुसऱ्यांच्या प्रचारसभा घेत होता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन नुकतेच व्हिएतनामबद्दलच्या मनिला परिषदेहून परतले होते. निक्सननी त्या परिषदेच्या संयुक्त निवेदनाची चिरफाड केली आणि न्यूयॉर्क टाइम्सने ती छापली. मतदानाला चार दिवस उरले होते. पत्रकारांनी जॉन्सनना विचारलं. जॉन्सन गप्प बसू शकले असते. पण ते भडकले. निक्सन हे जुनाट प्रचारक आहेत, म्हणाले; दर दोन वर्षांनी ऑक्टोबर आला की देशाच्या आणि सरकारच्या चुका काढायची त्यांना व्याधी आहे. झालं. सकाळपर्यंत ‘माजी’ असलेला माणूस दुपारी राष्ट्राध्यक्षाचा प्रतिस्पर्धी झाला, आणि नेमणूक खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच केली. प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन पक्षाच्या, म्हणजे निक्सन यांच्या पक्षाच्या, ४७ जागा वाढल्या. दोन वर्षांनी निक्सन व्हाइट हाउसमध्ये. (पुढे ते तिथून कसे निघाले हा वेगळा अभ्यासक्रम आहे, त्याची फी वेगळी.)

आणि त्या मनिलाच्या टीकेत निक्सन बरोबर होते का? हे कुणी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. व्हिएतनामचं युद्ध त्यांच्याही हातात चार वर्षं धुमसत राहिलं.

सरळमार्गी असाल तर अॅडलाय स्टीव्हन्सन यांचाही पर्याय आहे. १९५२ ला आयझेनहॉवरकडून पडले, दोन वर्षं सुरेख भाषेत टीका केली, १९५४ च्या मध्यावधीत पक्षाने दोन्ही सभागृहं परत मिळवली, लोक खूश झाले, १९५६ ला त्यांनाच पुन्हा उभं केलं आणि ते आधीपेक्षाही जोरात पडले. सुरेख भाषेचा हा धोका असतो.

स्वपक्षाच्याच राष्ट्राध्यक्षावर टीका करायची असेल तर मात्र मिट रॉम्नी यांना गुरू करा. २०१२ ला ओबामांकडून पडलेले रॉम्नी. त्या निवडणुकीच्या आधी त्यांनी लास व्हेगासमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या शेजारी उभं राहून त्यांचा पाठिंबा स्वीकारला. २०१६ च्या मार्चमध्ये ट्रम्प हे ढोंगी आणि लबाड असल्याचं भाषण केलं. त्याच नोव्हेंबरात, परराष्ट्रमंत्रिपद मिळतंय का हे बघायला, न्यूयॉर्कच्या एका उंची हॉटेलात ट्रम्प यांच्याबरोबर जेवले. लसणाचं सूप होतं, त्यात बेडकाच्या तंगड्या. त्या जेवणाचा फोटो जगभर गेला: ट्रम्प कॅमेऱ्याकडे बघून प्रसन्न, आणि रॉम्नींच्या चेहऱ्यावर मुलीच्या सासरी आग्रहाने वाढलेली कारल्याची भाजी संपवणाऱ्या वडिलांचे भाव. मंत्रिपद दुसऱ्याला मिळालं. २०१८ मध्ये सिनेटला उभे राहिले तेव्हा ट्रम्पनी पाठिंबा जाहीर केला आणि यांनी आभार मानले. जिंकले. मध्यावधी संपली, शपथविधी दोन दिवसांवर आला, आणि १ जानेवारी २०१९ रोजी वॉशिंग्टन पोस्टमध्ये यांचा लेख, की राष्ट्राध्यक्ष आपल्या पदाच्या उंचीला पोहोचलेले नाहीत.

ट्रम्प काही बुश नव्हेत, त्यांना जांभई येत नाही. सकाळीच उत्तर आलं. लेखातल्या एकाही मुद्द्याला हात न लावता आलं. मी दणदणीत जिंकलो, रॉम्नी नाही, असं त्यात होतं. (दणदणीत म्हणजे देशभरात समोरच्या उमेदवारापेक्षा २८ लाखांहून अधिक मतं कमी, पण तिथल्या गणितात ती भरत नाहीत.) रॉम्नींची सख्खी पुतणी तेव्हा पक्षाची राष्ट्रीय अध्यक्ष होती, तिनेही काकांना जाहीर सुनावलं. लेख लिहिण्यापूर्वी भाऊबंदांची यादी तपासून घ्यावी, एवढं यातून घेण्यासारखं.

‘मी जिंकलो, तू नाही’ हे उत्तर मात्र पाठ करून ठेवा. युद्ध, कर, दुष्काळ, साथ, तुम्ही काहीही बोललात तरी उत्तर हेच येणार आहे, आणि त्याला तोड नाही, कारण ते खरं असतं.

गोर यांचं पुढे बरं झालं म्हणतात. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं, ज्यासाठी सुरू झालं ती शस्त्रं सापडली नाहीत. गोर स्लाइड घेऊन हवामानबदलावर व्याख्यानं देत सुटले आणि २००७ मध्ये त्यांना नोबेलचा शांतता पुरस्कार विभागून मिळाला. व्याख्यानाच्या सुरुवातीला ते ओळख करून देत, मी अल गोर, मी पूर्वी अमेरिकेचा पुढचा राष्ट्राध्यक्ष होतो. लोक पोट धरून हसत. हसणाऱ्यांत २००० साली मतदानाला न गेलेले किती असतील याचा विचार मला उगाचच येतो.

पण माझ्या मते या विषयातला त्यांचा सर्वोत्तम धडा त्याही आधीचा, मध्यावधीनंतरच्या त्याच डिसेंबरातला. १४ डिसेंबर २००२ च्या रात्री ते टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाचे यजमान होते. दुसऱ्याच दिवशी ते २००४ ला उभे राहणार नसल्याचं सांगणार होते, पण त्या रात्री ते ठाऊक नसलेले लोक हसत होते. एका प्रवेशात गोर व्हाइट हाउसवरच्या मालिकेचा सेट बघायला जातात. तिथे ओव्हल ऑफिस आहे, भिंती प्लायवूडच्या, पण टेबल आहे, मागे खिडक्या आहेत, झेंडे आहेत. मालिकेतला राष्ट्राध्यक्ष झालेला नट सौजन्याने म्हणतो, बसा ना. गोर खुर्चीत बसतात. हात टेबलावरून फिरवतात. मंडळी निघायची वेळ झाली असं सुचवतात. गोर काही उठत नाहीत.

तुम्हालाही कुणी बसा म्हणालं तर आढेवेढे घेऊ नका. बसा. दिवे बंद करायला माणूस येईल तेव्हा बघू.