स्वस्त फोन घेणाऱ्यांच्या हिताच्या काही गोष्टी

अमेरिकेत राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात केस कापण्याचा खर्च कळतो आणि दुसऱ्या महिन्यात फोनचा. पहिल्यावर उपाय म्हणून तो घरीच केस कापायला शिकतो. दुसऱ्यावरही असाच घरगुती उपाय आहे, आणि तो मी गेली तीन वर्षे न्यू जर्सीत राहून करीत असल्यामुळे त्याविषयी चार शब्द सांगण्याचा मला अधिकार पोहोचतो. मोठ्या कंपनीला महिन्याला ८० डॉलर मोजण्याऐवजी घरच्या वाय-फायवर कॉल चालवणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीचे ग्राहक व्हावे, १० डॉलर भरावेत आणि वाचलेल्या ७० डॉलरांच्या आनंदात राहावे. आनंदात राहणे महत्त्वाचे आहे, कारण फोनवर बोलता येईलच असे नाही.

ही कल्पना मुळात फार सुंदर आहे, हे आधी मान्य करू. टी-मोबाइलने वाय-फायवरून बोलण्याची सोय अमेरिकेत २००७ सालीच दिली होती. पण वाय-फाय मुख्य आणि मोबाइलचा मनोरा (टॉवर) केवळ अडीअडचणीला, अशी उलटी मांडणी नॉर्थ कॅरोलिनातील रिपब्लिक वायरलेसने नोव्हेंबर २०११ मध्ये १९ डॉलरांच्या योजनेने लोकांपुढे ठेवली. चालू कॉल वाय-फायवरून मनोऱ्याकडे सोपवण्याची करामत तिच्या फोनमध्ये २०१३ साली मोटो एक्स या फोनबरोबर आली, आणि त्याच वेळी योजना ५ डॉलरांपासून सुरू झाल्या. त्या पाच डॉलरांत मनोरा अजिबात नव्हता. पुढे एप्रिल २०१५ मध्ये गूगलनेही २० डॉलर आणि वर प्रत्येक जीबीला १० डॉलर असा आपला प्रयोग मांडला. माझी कंपनी यांपैकी नव्हे. तिचे नाव मी उखाण्यातही घेणार नाही.

आता या धंद्याचे गणित समजून घ्यावे, म्हणजे पुढे मनस्ताप होत नाही. छोट्या कंपनीचा स्वतःचा एकही मनोरा नसतो. ती मोठ्या कंपनीकडून मिनिटे आणि डेटा घाऊक भावाने विकत घेते आणि आपल्याला किरकोळीत विकते. आपण मनोऱ्यावरून बोललो की तिच्या खिशाला चाट बसते, वाय-फायवरून बोललो की जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून तिचा फोन वाय-फायला असा चिकटतो की बुडत्याने काडीला काय चिकटावे. समोरच्या रस्त्यावर चार पट्ट्यांचा सिग्नल असला, तरी तो तिसऱ्या खोलीतल्या राऊटरच्या अर्ध्या पट्टीवर जीव टाकून बसतो. आणि ते वाय-फाय आपले, त्याचे महिन्याचे ६५ डॉलर आपले, राऊटर आपला, त्याची वीज आपली. खाणावळीत जाताना पोळीभाजीचा डबा घरून न्यावा आणि ताटाचे भाडे तेवढे मालकाला द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. भाडे मात्र खरोखरच कमी आहे, यात वाद नाही.

ग्राहक झाल्यावर प्रथम घराची पाहणी करावी. आपल्याकडे वास्तुशास्त्राची परंपरा असल्यामुळे हे काम मराठी कुटुंबाला जड जाऊ नये. राऊटर ईशान्येला असावा की आग्नेयेला, याविषयी शास्त्रात काही सांगितलेले नाही, पण स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने मुळीच बसू नये, हे मी स्वानुभवाने सांगतो. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर अन्न गरम करतो आणि जुन्या पद्धतीचे वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलते, त्यामुळे आमच्या घरी वरण गरम होत असताना सासूबाईंचा आवाज तुटतो. हे मी पत्नीला समजावून सांगितले तेव्हा तिने दोन दिवस गॅसवर वरण गरम केले आणि तिसऱ्या दिवशी मला विचारले की, सत्तर डॉलर नेमके कोणाचे वाचत आहेत. असे प्रश्न आल्यास राऊटरच्या वाहिन्यांकडे, म्हणजे चॅनेलांकडे, लक्ष वळवावे. अमेरिकेत या पट्ट्यात ११ वाहिन्या आहेत आणि त्यांपैकी १, ६ आणि ११ या तीनच एकमेकींच्या पायात पाय न घालता चालतात. आपल्या रांगेतल्या घरांत आठ राऊटर असतील तर त्या तिघींवर आठ जणांचा संसार कसा चालेल, याचा विचार रात्री शांतपणे करावा. दिवसा वेळ मिळणार नाही, कारण दिवसा आपण ५ गिगाहर्ट्झचा नवा राऊटर शोधत असाल. तो भिंतीपलीकडे लवकर दमतो, म्हणून मग घरभर तीन डबे बसवावे लागतात. मला ते २३० डॉलरांना पडले. सत्तराने भागल्यास सव्वातीन महिन्यांत वसूल होतात, असा हिशेब मी फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे. त्याखाली इंटरनेटच्या वाढीव वेगाचे महिना २० डॉलर कोणीतरी लाल शाईने लिहिले आहेत. अक्षर पत्नीचे असावे.

एवढी तयारी झाल्यावर घरात बोलण्याच्या जागा ठरवून घ्याव्यात. आमच्याकडे तीन आहेत. पहिली जिन्याच्या चौथ्या पायरीवर, भिंतीला टेकून. दुसरी मुलीच्या खोलीत, पण तिथे ती अभ्यास करीत असते किंवा करीत नसल्याचे आपल्याला दिसू नये असे तिला वाटत असते. तिसरी कपड्यांच्या कपाटात. तिथला आवाज अतिशय स्वच्छ येतो आणि कार्यालयाच्या बैठकींसाठी मी तीच वापरतो. पाहुणे आले असताना यजमान हँगरांमागून तिमाहीचे आकडे सांगताना ऐकू आले, तर पाहुण्यांनी गैरसमज करून घेऊ नये, एवढे आधी बजावून ठेवावे.

संभाषणाची रीतही बदलावी लागते. वाय-फायवर आपला आवाज सलग जात नाही. त्याचे सेकंदाला साधारण ५० बारीक तुकडे होऊन ते पाकिटांत भरले जातात, आणि त्यांतली काही वाटेत रेंगाळली की समोरच्याला शब्दांच्या जागी खड्डे ऐकू येतात. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे या विषयातले जाणकार सांगतात. त्यापलीकडे दोघे एकदम बोलू लागतात, मग दोघे एकदम गप्प होतात, मग दोघे एकदम म्हणतात, ‘नाही नाही, तू बोल.’ नवविवाहितांसाठी हे ठीक आहे. जमिनीच्या वाटणीविषयी भावाशी बोलताना ते धोक्याचे ठरते, कारण ‘मला काही नको’ या वाक्यातला ‘नको’ पाकिटातच राहिला तर पुढची दहा वर्षे कोर्टात जातात.

या बाबतीत जुन्या पिढीचा अनुभव कामी येतो. माझी आई सांगलीला असते. तिने ट्रंक कॉल लावून पोस्टात दोन तास बसण्याचे दिवस पाहिले आहेत, त्यामुळे मजकूर आधी मनात तयार ठेवणे, एकेक वाक्य मोठ्याने म्हणणे आणि महत्त्वाचे शब्द दोनदा सांगणे तिला सहज जमते. ‘बंड्या, तू विहिरीत उभा राहून बोलतोयस का रे?’ असे तिने पहिल्या आठवड्यात विचारले होते. मी कपाटात असल्याचे सांगितल्यावर तिने बराच वेळ काही विचारले नाही. आता ती स्वतःच मिस्ड कॉल देते आणि मी शेजाऱ्यांकडून तिला फोन करतो. गमतीची गोष्ट अशी की वाय-फायवरचा कॉल भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केला, आणि तोही कंपनीच्या स्वतःच्या मनोऱ्यांना जोड म्हणून. त्यामुळे सांगलीच्या तिच्या स्वयंपाकघरातून तिचा आवाज खणखणीत निघतो आणि माझ्या घरापर्यंत येऊन मग पडतो.

घराबाहेर पडणे शक्यतो टाळावे. पडायचेच असल्यास चालू कॉल घेऊन पडू नये. दारापासून गाडीपर्यंतचे ४० फूट ही या तंत्रज्ञानातली सरहद्द आहे, जिथे वाय-फायचे राज्य संपलेले असते आणि मनोऱ्याचे सुरू झालेले नसते, आणि फोन दोन्ही दरबारांत हात जोडून उभा असतो. जाहिरातीत ही सरहद्द ओलांडताना बाई हसत असते. मी या जागी इतक्यांदा पुढे-मागे केले आहे की गवतावर पायवाट पडली आहे. बाहेरगावी गेल्यास कॉफीच्या दुकानातले, विमानतळावरचे आणि हॉटेलातले वाय-फाय आहेच. तिथे फोन स्वतःहून जोडला जातो, जोडल्याची खूण दाखवतो आणि बोलू मात्र देत नाही, कारण ‘अटी मान्य आहेत’ हे पान अजून आपण उघडलेले नसते. त्या काळात आलेले फोन थेट व्हॉइसमेलमध्ये जातात आणि ते आल्याचे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळते. घाईच्या निर्णयांपासून माणूस अशाने आपोआप वाचतो.

बँकेच्या संकेतांक (ओटीपी) संदेशांची अपेक्षा ठेवू नये. हे संदेश पाच-सहा आकडी छोट्या क्रमांकांवरून येतात, आणि इंटरनेटवर राहणाऱ्या फोन क्रमांकांना ते पाठवायला कित्येक बँका तयार नसतात. त्या आपल्या क्रमांकाकडे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या स्थळाकडे मुलीच्या बापाने पाहावे तसे पाहतात. मी पगार खात्याचा संकेतांक पत्नीच्या फोनवर घेतो. तिचा फोन मोठ्या कंपनीचा आहे. घरात एक तरी खरा फोन असावा, ही सूचना मी सुरुवातीलाच करायला हवी होती.

एका गोष्टीत मात्र थट्टा नको. तातडीच्या मदतीसाठी ९११ ला केलेला फोन मनोऱ्यावरून गेला तर आपण साधारण कुठे आहोत हे कळण्याची व्यवस्था असते. वाय-फायवरून गेला तर बहुधा आपण नोंदवून ठेवलेल्या पत्त्यावरच भिस्त असते. इंटरनेटवरून फोनसेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचा असा पत्ता घेतलाच पाहिजे, असा आदेश अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००५ मध्येच काढला आहे. घर बदलल्यावर मी गॅस, वीज, वाहनपरवाना आणि मंडळाची वर्गणी या सगळ्यांचे पत्ते बदलले आणि हा एक विसरलो. चौदा महिने आमच्या घरातल्या कोणालाही हृदयविकाराचा झटका आला असता, तर रुग्णवाहिका जुन्या भाडेकरूंच्या दारात उभी राहिली असती. हा पत्ता आज, हा लेख खाली ठेवून, तपासावा.

आता ग्राहकसेवा. फोन बंद पडल्यास कंपनीला फोन करावा, असा विचार आपल्या मनात येईल. तो जुन्या काळातला आहे. फोन विकणाऱ्या या कंपनीकडे फोन नाही. सुरुवातीला मला याचा राग आला होता, पण मिठाईवाला स्वतः मिठाई खात नाही, हे आठवल्यावर तो निवळला. तक्रार लिहून द्यावी लागते. तिला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळाला की काम झाल्यासारखे वाटते, हा आपल्या सरकारी कचेऱ्यांचा संस्कार इथे उपयोगी पडतो. दोन दिवसांनी उत्तर येते. त्यात आपल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगिरी असते आणि फोन बंद करून पुन्हा चालू करण्याची विनंती असते. आपण तसे केल्याचे कळवल्यावर आणखी दोन दिवसांनी दुसऱ्या नावाच्या गृहस्थांची दिलगिरी येते आणि राऊटर बंद करून पुन्हा चालू करण्याची विनंती येते. सातव्या पत्रात ते विचारतात की आपले इंटरनेट कोणत्या कंपनीचे आहे. आपण नाव कळवतो. आठव्या पत्रात दोष त्या कंपनीचा असल्याचे समजते. इंटरनेटवाल्यांना फोन असतो, म्हणून आपण शेजाऱ्यांच्या फोनवरून त्यांना गाठतो, आणि ते अत्यंत अदबीने सांगतात की इंटरनेट उत्तम चालू आहे, दोष फोनचा असावा. या पत्रव्यवहारात माझी इंग्रजी पुष्कळ सुधारली. ‘जिटर’, ‘लेटन्सी’, ‘पॅकेट लॉस’ हे शब्द मी आता जेवणाच्या टेबलावरही वापरतो.

कधीतरी सोडून जाण्याचा विचार मनात येईल. आपला क्रमांक दुसऱ्या मोबाइल कंपनीकडे नेण्याचा हक्क अमेरिकन ग्राहकाला नोव्हेंबर २००३ पासून आहे, आणि साधे प्रकरण कामकाजाच्या एका दिवसात निकाली निघावे असा नियम आहे. फक्त आधीच्या कंपनीकडचा खाते क्रमांक आणि पिन लागतो. क्रमांक हलण्यापूर्वी खाते बंद करू नये, नाहीतर क्रमांकही हातचा जातो. मी गेल्या ऑगस्टमध्ये ठाम निश्चय करून पिन मागितला. तो कंपनीने सुरक्षिततेच्या कारणास्तव माझ्याच फोनवर संदेशाने पाठवला आहे, असे तिच्या पत्रात म्हटले आहे. मी चौथ्या पायरीवर, कपाटात आणि गवतावर, अशा तिन्ही ठिकाणी वाट पाहिली. दरम्यान आणखी एक वर्षाचे पैसे एकदम भरल्यास दोन महिने मोफत, अशी योजना आली. ती मी घेतली.

तेव्हा आपणही विलंब करू नये. नोंदणी करताना ‘आपल्याला आमच्याविषयी कोणी सांगितले’ या रकान्यात माझा क्रमांक जरूर लिहावा, म्हणजे मला एक महिना फुकट मिळतो. काही शंका असल्यास मला फोन करू नये. शनिवारी सकाळी अकरानंतर घरी यावे, आणि दाराची घंटा दोनदा वाजवावी, कारण तीही आम्ही हल्लीच वाय-फायवर घेतली आहे.