रेल्वे बुधवारी येते

तुमच्या तालुक्याला रेल्वे हवी आहे ना? मग रुळांकडे डोळे लावून बसू नका, लोकसभेच्या प्रश्नसूचीकडे लावा. अधिवेशन चालू असलं की तिथे रेल्वे मंत्रालयाचा वार बुधवार आणि राज्यसभेत शुक्रवार. बाकीचे दिवस खुशाल एसटीने फिरा.

खासदारसाहेबांना गाठा आणि प्रश्न टाकायला लावा. फक्त तारांकित नको. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, त्यावर पूरक प्रश्न निघतो, म्हणजे नसती कटकट. शिवाय दिवसाला असे वीसच प्रश्न घेतात, तेही सोडतीने, आणि तासाभरात त्यातले पाच-सहा उरकले तरी पुष्कळ. त्यापेक्षा अतारांकित बरा. असे दिवसाला 230 लागतात. उत्तर लेखी येतं, कुणाला घाम फुटत नाही आणि तुमच्या हातात कागद पडतो. कागदाला कमी लेखू नका, पुढचा फ्लेक्स त्यावरच निघतो.

मसुदा असा ठेवा : (अ) अमुक मार्गाची सद्यःस्थिती काय, (ब) विलंबाची कारणे काय, (क) आजवर खर्च किती झाला आणि (ड) काम केव्हा पूर्ण होणार. सगळा जीव (ड)मध्ये आहे, हे मंत्रालयालाही ठाऊक असतं. म्हणून उत्तर सुरूच होतं ‘(अ) ते (ड)’ असं म्हणून. चौघांना एकाच पंगतीत बसवलं की कुणाच्या पानात काय वाढायचं राहिलं, हे कुणी पाहत नाही.

उत्तराचा पुढचा मजकूर पाठ करून ठेवा, अधिवेशन कुठलंही असो, उपयोगी पडतो. रेल्वे प्रकल्पांचं सर्वेक्षण, मंजुरी आणि अंमलबजावणी राज्यनिहाय किंवा जिल्हानिहाय होत नाही, क्षेत्रीय रेल्वेनिहाय (म्हणजे मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे अशा विभागांप्रमाणे) होते, कारण प्रकल्प राज्यांच्या सीमा ओलांडून जाऊ शकतात. आता तुमचा मार्ग नगर-बीड-परळी असेल, तर तो दोन्ही टोकांनी महाराष्ट्रातच आहे आणि कुठलीही सीमा ओलांडायची त्याची इच्छा नाही. पण हे बोलून दाखवू नका, वाईट दिसतं. आणि लगेच खालच्या परिच्छेदात महाराष्ट्राला 2009 ते 2014 या काळात वर्षाला सरासरी 1,171 कोटी मिळत होते, 2025-26 मध्ये 23,778 कोटी दिले, असा राज्यनिहाय हिशेब आला, तरी कपाळाला आठी पाडू नका. पैसे राज्यनिहाय सांगता येतात, काम राज्यनिहाय सांगता येत नाही. एवढं ज्याला कळलं त्याला अर्थसंकल्प कळला.

मग येतो तो परिच्छेद. प्रकल्प पूर्ण होणं राज्य सरकारच्या भूसंपादनावर, वन खात्याच्या परवानगीवर, राज्याने आपला वाटा भरण्यावर, विजेचे खांब आणि जलवाहिन्या हलवण्यावर, निरनिराळ्या मंजुऱ्यांवर, भूगर्भरचनेवर, कायदा-सुव्यवस्थेवर आणि त्या जागी हवामानामुळे वर्षातले किती महिने काम करता येतं, यावर अवलंबून असतं. इतकी कारणं आमच्याकडे ठरलेलं लग्न मोडतानाही कुणी देत नाही. (ड)चं उत्तर यातच आलं, असं समजायचं. तारीख शोधत बसू नका. असली तर ती सापडते ती मागच्या तारखांच्या यादीत.

आणि कृपा करून मंत्र्यांकडून आश्वासन मागू नका. ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करत आहोत’ एवढं जरी सभागृहात तोंडून निसटलं, तरी लोकसभेची शासकीय आश्वासन समिती ते टिपून घेते आणि तीन महिन्यांत पूर्ण करा म्हणून मागे लागते. मंत्रालयं मग मुदतवाढ मागतात, नाहीच जमलं तर आश्वासन वगळून टाका अशी विनंती करतात. कशाला त्या सज्जन समितीच्या कपाटात आणखी एक फाइल?

पूर्वी एक बरं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प असायचा. माणूस रेडिओला कान लावून बसायचा आणि आपल्या स्टेशनचं नाव आलं नाही म्हणून संध्याकाळपर्यंत शिव्या द्यायचा. 2017 पासून तो मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. आता आपलं नाव शोधायला पिंक बुक नावाची, कुठल्या कामाला किती पैसे दिले याची लांबलचक यादी उघडावी लागते. तिथे तुमच्या मार्गापुढे एक हजार रुपये लिहिलेले दिसले, तर ती छपाईची चूक समजू नका. तमिळनाडूतल्या कित्येक नव्या मार्गांनी असे हजार-हजार रुपये पाहिले आहेत. याचा अर्थ मार्ग जिवंत आहे, फक्त त्याला जेवायला घातलेलं नाही. राहिली चर्चा. अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे मंत्रालयांनी खर्चासाठी मागितलेल्या पैशांवर, सभागृहाने खल करावा, अशी पद्धत आहे खरी. पण मार्च 2018 मध्ये गोंधळ चालू असताना 99 मंत्रालयं आणि विभागांच्या मागण्या सुमारे अर्ध्या तासात चर्चेविना मंजूर झाल्या. छाननीचा इतका वेग आपल्या कुठल्याही गाडीला नाही.

धीर सुटत असेल तर नगर-बीड-परळीचाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवा. 261 किलोमीटरचा मार्ग. 1995 मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्च 353 कोटी. नगरहून आष्टीपर्यंत गाडी गेली सप्टेंबर 2022 मध्ये, बीडला पोहोचली 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. खर्च तोवर 4,800 कोटींच्या घरात, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर गाडी येईपर्यंत स्वतःच्या पोराला बालवाडीत सोडायला लागलं. बीड ते परळीचं काम उरलंच. वर्धा-यवतमाळ-नांदेडवाल्यांनी मात्र फार उतावीळ होऊ नये. त्यांचा 284 किलोमीटरचा मार्ग 2008-09 चा, म्हणजे तसा अजून लहानच, आणि 2024 मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरूही झाली.

हा निम्म्या-निम्म्याचा करार फार सोयीचा आहे, तो नीट वापरायला शिका. दिल्लीत विचारलं तर राज्याने वाटा भरला नाही. मुंबईत विचारलं तर केंद्राने गती दिली नाही. दोन्हीकडे एकाच पक्षाचं सरकार आलं की दोष पावसाला. गाडी सुटली की मात्र हिरवा झेंडा धरायला इतके हात येतात, की काठी दिसत नाही.

तोवर गावाचं नियोजन थांबवू नका, ते कुणी थांबवलेलंही नाही. सर्वेक्षणाचे दगड रोवले की आठवड्याभरात ‘नियोजित रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असा बोर्ड उभा राहतो. एनए (बिगरशेती) आहे का, पाणी कुठून येणार, स्टेशनपर्यंत रस्ता कोण करणार, असलं विचारू नका, एजंट नाराज होतो. ज्याची जमीन खरोखर गेली, त्याने सातबारा, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि निवाड्याची प्रत एका पिशवीत घालून उपविभागीय कार्यालयाच्या व्हरांड्यात बसावं. मोजणीत विहीर धरली पण पाइपलाइन राहिली, आंब्याची झाडं धरली पण वय कमी लावलं, म्हणून वाढीव मावेजासाठी कोर्टात जावं. रेल्वे कुठपर्यंत आली, हे त्या बाकड्यावर फार अचूक कळतं.

आणि एकदा रूळ पडले की शेताकडे जायच्या वाटेवर फाटक मिळणार नाही, भुयारी पूल मिळेल. मृगात तो कमरेइतका भरतो. पूल रेल्वेचा, रस्ता जिल्हा परिषदेचा, नाला ग्रामपंचायतीचा आणि पाणी देवाचं. उपसायला पंप मिळेलही, पण त्याचं डिझेल कुणी भरायचं, हा प्रश्न संसदेत टाकू नका, तिथे तो राज्याचा विषय आहे. विधानसभेत टाका. तिथे तो केंद्राचा आहे.