महिनाभर जॅझ बंद

"पुढच्या खेपेला जॅझ नाही. सध्या घरी दुसरं जे काही ऐकताय ते घेऊन या. पण अख्खं आणायचं. एखादं गाणं नको."

गेल्या महिन्याच्या बैठकीत काकांनी हे जाहीर केलं तेव्हा आम्ही सगळेच जरा गप्प झालो. आम्ही सहा-सात जण महिन्यातून एका रविवारी सकाळी गंगापूर रोडला काकांच्या घरी रेकॉर्डी ऐकायला जमतो. काका बँकेतून निवृत्त झालेले. बाकी एक शाळेतल्या मॅडम, सातपूरच्या कारखान्यातले दोघं, एक इंजिनिअरिंगचा मुलगा, असे आम्ही. नऊ वर्षांत तिथे जॅझशिवाय काही वाजलं नाही, आणि याचा आम्हाला अभिमान होता. नाशकात राहून आपण फक्त हेच ऐकतो, असा. जॅझशिवायच्या त्या रविवारनंतर मला वाटायला लागलंय की हा अभिमान आपल्यालाच नडत होता. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात काकांनीच केली. 'कॉल ऑफ द व्हॅली', 1967 सालची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून शेवटच्या पहाडीपर्यंत. हे सगळं मला पाठ होतं. ही रेकॉर्ड मी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये ऐकलीय, लग्नाच्या हॉलवर जेवणाची पंगत बसलेली असताना ऐकलीय. म्हणजे खरं तर ती चालू होती, मी ऐकत नव्हतो.

काकांची एक पद्धत आहे. तबकडी आतल्या कागदी पिशवीतून काढताना बोटं कडेलाच. मग मखमली ब्रश, एकदाच, फिरत्या तबकडीवर हलक्या हातानं. सुई टेकली की पहिली खरखर संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "बासरी, संतूर सगळ्यांनाच ऐकू येतं. तुम्ही आज गिटार धरून बसा."

आणि गिटार धरल्यावर रेकॉर्डच बदलली हो! काब्रा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूची पट्टी सरकवत वाजवायचे. सरोदवादक अलीअकबर खाँसाहेबांचे ते शिष्य. त्या वाद्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, कशी निघते, ती कुठे हळूच मागे राहते आणि कुठे बासरीला वाट करून देते, हे मी पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. भूप राग सुरू झाल्यावर तर मला बासरी मुद्दाम बाजूला ठेवावीच लागली नाही, कान आपोआप खाली गेला. हे मी कुठे शिकलो? जॅझमध्ये. ट्रम्पेट वाजत असताना बास काय करतोय हे ऐकायची सवय तिथेच लागली. मग ती सवय आपल्याकडच्या रेकॉर्डला लावायला मला इतकी वर्षं का लागली?

इंजिनिअरिंगच्या मुलानं पियानोवादक ग्लेन गूल्ड आणला. बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, 1955 चं ध्वनिमुद्रण. तेव्हा गूल्ड बावीस वर्षांचा. हे जिथे मुद्रित झालं तो न्यूयॉर्कच्या 30व्या रस्त्यावरचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चर्च, आणि चार वर्षांनी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' तिथेच झालं. पोरानं हे सांगितल्यावर काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पियानोच्या मागे गूल्डचं स्वतःचं गुणगुणणं ऐकू येतं, ते मला फार जवळचं वाटलं. वाजवता वाजवता गळा हलतोच माणसाचा.

मॅडमनी 'अ मीटिंग बाय द रिव्हर' आणली. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा, म्हणजे त्यांनी गिटारमध्ये बदल करून घडवलेलं वाद्य, आणि राय कूडरची गिटार, फारशी तालीम न करता एका चॅपलमध्ये बसून वाजवलेली. ग्रॅमी मिळालेली रेकॉर्ड आहे. मला ती थोडी जास्तच गोड वाटली. मॅडमना ते पटलं नाही, चहा होईपर्यंत वाद चालला. सुखविंदरसिंग नामधारींच्या तबल्याबद्दल मात्र दोघांचं एकमत.

मी जे नेलं होतं त्याबद्दल मला खरं बोलायचंय. माझ्या वडिलांची एक कॅसेट, पंडित द. वि. पलुस्करांची. जुन्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, तबकड्यांवरचं गाणं पुढे एकत्र करून काढलेली. नाशिककरांना पलुस्कर हे नाव पंचवटीतल्या सभागृहामुळे तरी माहीत असतंच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला 1901 साली गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात ते नाशकात आले, पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. द. वि. म्हणजे बापूराव त्यांचे चिरंजीव. वडील 1931 मध्ये गेले तेव्हा हे जेमतेम दहा वर्षांचे. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी शिकवलं.

कॅसेट शोधताना मी तारखा बघत होतो आणि एकदम थबकलो. बापूराव ऑक्टोबर 1955 मध्ये गेले, चौतिसाव्या वर्षी. जॅझमधला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर मार्च 1955 मध्ये गेला. तोही चौतीस वर्षांचा. एकाच वर्षी, एकाच वयात, दोघंही. पार्करची प्रत्येक तारीख मला तोंडपाठ आहे. कुठल्या कंपनीसाठी कधी वाजवलं, सोबत कोण होतं, सगळं. आणि ज्यांच्या आडनावाच्या सभागृहावरून मी हजार वेळा गेलो असेन, ते कधी गेले हे मला ठाऊक नव्हतं. मला याचं वाईट वाटलं. अजून वाटतंय.

त्या दोघांना जागाही तेवढीच मिळाली होती. तबकडीची एक बाजू म्हणजे तीन, फार तर साडेतीन मिनिटं. पार्कर त्या तीन मिनिटांत काय करतो हे आम्ही नऊ वर्षं एकमेकांना समजावून सांगतोय. मी कॅसेटवरचा श्री, संध्याकाळचा राग, लावला, 'हरि के चरण कमल'. श्री रागात कोमल रिषभावरून थेट पंचमावर झेप घ्यायची असते, आणि मैफिलीत गायक त्या झेपेची तयारी करायला दहा-दहा मिनिटं घेतात. इथे तेवढा वेळच नाही. तरी घाई कुठेही नाही. आवाज लख्ख, शब्द स्वच्छ, तान येते आणि आपलं काम करून बाजूला होते. गाणं संपलं तेव्हा खिडकीत सकाळचं ऊन होतं आणि खोलीत संध्याकाळ. काकांनी न विचारता कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. असं ते एरवी कधी करत नाहीत.

दुसऱ्यांदा ऐकताना कारखान्यातल्या मित्रानं विचारलं, "तबल्यावर कोण आहे?"

कॅसेटचा कागद उलटसुलट पाहिला. नाव नाही. मोबाईलवरच्या अ‍ॅपवर शोधलं. तिथे गायकाचं नाव, तेही इंग्रजीत दोन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी, आणि रागाचं नाव. बस्स. तबला, पेटी, कुणाचाच पत्ता नाही. 'काइंड ऑफ ब्लू'वर एका तुकड्यात पियानोवर विंटन केली हा वादक आहे आणि बाकी सगळीकडे बिल इव्हान्स, हे आम्ही झोपेतून उठवलं तरी सांगू. ते कळतं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. आपल्याकडे ज्या माणसानं ती साडेतीन मिनिटं तोलून धरली, त्याचं नाव कागदावर घालायला एक ओळसुद्धा लागली नसती. मला हा अन्याय वाटतो, आणि आपण ऐकणाऱ्यांनी तो इतकी वर्षं चालू दिला असंही वाटतं. आम्ही विचारलंच नाही कधी. गायक कोण एवढं कळलं की आमचं भागत होतं.

तेव्हा काका आत गेले आणि बुटाचे दोन खोके घेऊन आले. कॅसेटी. कुमार गंधर्वांच्या एका कॅसेटच्या कागदावर पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलेलं, 'तबला – वसंत आचरेकर'. दुसऱ्या एका अभंगांच्या कॅसेटवर पखवाज, टाळ, पेटी, तिघांची नावं. काही नावांपुढे प्रश्नचिन्ह. रेडिओवर निवेदकानं सांगितलेलं, मैफिलीत भेटलेल्या कुणी सांगितलेलं, असं ते तीस-पस्तीस वर्षं टिपत आलेत. नऊ वर्षांत एकदाही बोलले नाहीत. "तुम्ही जॅझवाले, तुम्हाला कशाला दाखवायचं," म्हणाले.

पुढचा रविवारही जॅझशिवायच करायचं ठरलंय. ते दोन खोके उघडायचे आणि सगळी नावं वहीत उतरवायची. तुमच्या घरी माळ्यावर जुन्या तबकड्या, कॅसेटी असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी पाठची बाजू एकदा वाचा. कुणी पेन्सिलनं काही लिहून ठेवलं असेल तर त्याचा फोटो काढून मला पाठवा. आणि पलुस्करांच्या त्या श्रीवर तबला कुणाचा, हे घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल, तर कृपा करून आजच विचारा.