‘द शेकिएस्ट गन इन द वेस्ट’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

या चित्रपटावरील माझ्या लेखाला आपण दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार. १९६८ सालचा हा चित्रपट म्हणजे १९४८ च्या ‘द पेलफेस’च्या शिळ्या कढीला आणलेला ऊत आहे आणि त्याचा नायक डॉन नॉट्स ही मूळ चित्रपटाचा नायक बॉब होप याची फिकी नक्कल आहे, असे आपण लिहिले आहे; शिवाय अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या हत्येवर हसवणाऱ्या प्रसंगाबद्दल मी अवाक्षरही काढले नाही, अशी आपली तक्रार आहे. तक्रार रास्त आहे. नकलेचा आरोप मात्र मला मान्य नाही.

कथानक तेच आहे, हे खरे. शिक्षामाफीच्या बदल्यात एक दरोडेखोर स्त्री बंदुकांची चोरटी विक्री करणाऱ्यांचा माग काढायला तयार होते, संशय येऊ नये म्हणून एका भित्र्या दंतवैद्याशी लग्न करते, आणि तिच्या नेमबाजीचे श्रेय त्याच्या पदरात पडते. परंतु होपने रंगवलेल्या दंतवैद्याची, पॉटरची, भीती जिभेवर असते. संकट आले की तो विनोद करतो आणि स्वतःला सोडवून घेतो. द्वंद्वापूर्वी गावकरी त्याला प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने पिस्तूल काढतो, वारा कुठून वाहतो, असे सल्ले देतात आणि चालता चालता त्याच्या डोक्यात त्या सगळ्यांची खिचडी होते. हा प्रसंग मी आजही खळखळून हसत पाहतो, पण पॉटरची काळजी मला एकदाही वाटलेली नाही.

नॉट्सची भीती अंगात भिनलेली आहे. डोळे विस्फारतात, आवंढा गिळवत नाही, हाताचा थरकाप लपत नाही. तरीही त्याचा दंतवैद्य, जेसी हेवूड, नुसता भेकड नाही. सुरुवातीच्या दंतवैद्यकाच्या परीक्षेत तोंड उघडायलाच तयार नसलेल्या बाईशी तो अक्षरशः झटापट करतो, कारण दात तपासणे हे त्याच्या लेखी कर्तव्य आहे, आणि त्याच निष्ठेने तो फिलाडेल्फिया सोडून पश्चिमेला निघतो. अशा माणसाला शूर म्हटले की तो ते मनापासून खरे मानतो, आणि गोळ्या त्याच्या दरोडेखोर बायकोच्या, पेनेलोपीच्या, होत्या हे कळल्यावर तो आतून मोडतो. पटकथाकार जिम फ्रिट्झेल आणि एव्हरेट ग्रीनबॉम यांनी नॉट्सने काम केलेल्या ‘द अँडी ग्रिफिथ शो’ या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेसाठीही लेखन केले होते, त्यामुळे नॉट्सचा घाबरटपणा त्यांच्या पूर्ण परिचयाचा होता, ही भूमिका त्याच्या मापाने शिवलेली आहे. ‘द पेलफेस’मधल्या ‘बटन्स अँड बोज’सारखे ऑस्कर मिळवणारे गाणे नव्या चित्रपटात नाही, हे मी मान्य करतो. पण मूळ कृती निर्दोष होती असेही नाही. तिचा एक लेखक फ्रँक टॅशलिन याला झालेले दिग्दर्शन पटले नव्हते आणि १९५२ चा पुढचा भाग त्याने स्वतः दिग्दर्शित केला.

आता आपल्या तक्रारीबद्दल. जेसी डोळे मिटल्यासारख्या गोळ्या झाडतो, पलीकडे माणसे पटापट कोसळतात आणि आपण हसतो, ते केवळ त्या माणसांना नाव, चेहरा, घर काहीच दिलेले नाही म्हणून. जेसीच्या थरथरत्या हातावर खिळलेली माझी नजर त्यांच्याकडे गेलीच नाही, ही माझी चूक आहे. १९४८ आणि १९६८ यांच्या दरम्यान अमेरिकेत नागरी हक्कांचा एवढा मोठा लढा झाला, तरी हा प्रसंग जवळपास तसाच उचलला गेला. नकलेचा आपला आरोप नेमका इथे लागू पडतो. लेखात तसा परिच्छेद मी आजच जोडत आहे.