‘कॅन्सरची लस आली’: त्या फॉरवर्डमधलं एकेक वाक्य

तो मेसेज बहुतेकांनी पाहिला असेल. वर लाल सायरन, मध्ये रशियाचा झेंडा आणि मजकूर साधारण असा: “रशियाने कॅन्सरवर लस शोधली. चाचणीत 100 टक्के यश. सगळ्यांना मोफत. एकदा टोचली की कॅन्सर होणार नाही, झालेला बरा होईल. आता केमोची गरज नाही. औषध कंपन्यांनी हा उपाय शंभर वर्षं दडपून ठेवला होता. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.”

एरवी मी असल्या फॉरवर्डच्या वाटेला जात नाही. पण या वेळी आमच्या मावशीनं तो वाचला आणि फोन करून विचारलं, “अरे, मग पुढची सायकल घेऊ की थांबू?” तिला कॅन्सर आहे, केमोच्या चार सायकल, म्हणजे चार फेऱ्या झाल्यात. तोंडाला चव नाही, केस गेलेत. थांबायला काहीतरी कारण तिला हवंच होतं, ते घरबसल्या मिळालं. म्हणून हे उत्तर, मेसेजमधल्या वाक्यांच्याच क्रमानं.

“रशियाने लस शोधली. चाचणीत 100 टक्के यश.”

बातमीला बुड आहे, पण ते मेसेजमध्ये नाही. डिसेंबर 2024 मध्ये रशियाच्या आरोग्य मंत्रालयाच्या किरणोपचार संशोधन केंद्राचे प्रमुख आंद्रेई काप्रिन यांनी रेडिओवर सांगितलं, की कॅन्सरवर एमआरएनए (पेशींना प्रथिन बनवायची कृती सांगणारा रेणू) वापरून लस तयार होतेय आणि ती रुग्णांना मोफत मिळेल. सप्टेंबर 2025 मध्ये व्लादिवोस्तोकच्या परिषदेत तिथल्या वैद्यकीय-जैविक यंत्रणेच्या प्रमुख वेरोनिका स्कवोर्त्सोवा यांनी लस वापरासाठी तयार असल्याचं जाहीर केलं. त्यांनी हवाला दिला तो माणसांवरच्या चाचण्यांच्या आधीच्या अभ्यासाचा. आकडाही 100 नव्हता. गाठ लहान होणं, वाढ मंदावणं, हे प्रकारानुसार 60 ते 80 टक्के, असं त्या म्हणाल्या. मग ‘एन्टेरोमिक्स’ हे नाव त्याला चिकटलं. ते मुळात चार विषाणूंच्या मिश्रणाचं, म्हणजे वेगळ्याच उपचाराचं नाव. दोन बातम्यांची खिचडी झाली आणि आपल्याकडच्या चॅनेलांनी ती गरम गरम वाढली.

रशियन शास्त्रज्ञ खोटारडे आहेत असं मी म्हणत नाही. त्यांची लस उद्या कामाला येईलही. पण उंदराची गाठ विरघळणं आणि माणसाची विरघळणं यांतलं अंतर या क्षेत्रानं फार महागात मोजलंय.

स्टीव्हन रोझेनबर्ग हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले सर्जन. शरीराच्या प्रतिकारशक्तीकडूनच कॅन्सर मारून घ्यायचा, या एका कल्पनेवर त्यांनी आयुष्य काढलं. 2004 साली त्यांनी आपल्याच विभागाचा हिशेब छापला. निरनिराळ्या लशी दिलेले रुग्ण 440. गाठ ठळकपणे लहान झालेले 2.6 टक्के. ज्या माणसानं लशी बनवल्या, त्यानंच हा आकडा जगासमोर ठेवला. पुढे ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दोन हजारांहून जास्त रुग्णांवर मेज-ए3 ही लस तपासली. आधीच्या छोट्या चाचण्यांवरून आशा होती. मोठ्या चाचणीत नकली इंजेक्शनपेक्षा काहीही जास्त फायदा दिसला नाही आणि 2014 मध्ये तो नाद सोडावा लागला. हा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला ‘100 टक्के’ वाचलं की आधी खिसा चाचपावासा वाटतो.

“एकदा टोचली की कॅन्सर होणार नाही, झालेला बरा होईल.”

सगळा घोळ ‘लस’ या शब्दात आहे. आपल्या डोक्यात लस म्हणजे पोलिओचे थेंब, बाळाच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण. रोग यायच्या आधी घ्यायची, सगळ्यांना सारखी.

तशा लशी कॅन्सरबाबत आहेत, आणि रशियाची वाट न बघता आहेत. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतांशी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना 2008 चं नोबेल मिळालं. त्यावरची लस 2006 पासून वापरात आहे. स्वीडनमध्ये 17 वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरचं प्रमाण 88 टक्क्यांनी कमी दिसलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ याच जातीची. यकृताच्या कॅन्सरचंही तसंच. हिपॅटायटिस बीची लस मुळात त्याला अडवणारी लस आहे, आणि ती आपल्याकडे बाळांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. घरात नऊ-दहा वर्षांची मुलगी असेल तर त्या फॉरवर्डपेक्षा एचपीव्ही लशीबद्दलची ही वाक्यं पुढे पाठवा.

पण या लशी विषाणूला अडवतात. कॅन्सर झाल्यावर त्यांचा उपयोग नाही. उपचाराची लस हा वेगळाच प्राणी आहे.

ती बनते कशी, ते पाहण्यासारखं आहे. आधी ऑपरेशन करून गाठ काढायची. गाठीच्या पेशींमधली जनुकं वाचायची, त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींशी ताडून पाहायची आणि गाठीत काय काय बिघडलंय ते हुडकायचं. त्या बिघाडांतून जी विचित्र प्रथिनं तयार होतात, त्यांतली प्रतिकारपेशींना ओळखू येतील अशी निवडायची. मॉडर्ना आणि मर्क यांच्या लशीत अशी 34 पर्यंत असतात. मग त्यांची कृती एमआरएनएमध्ये लिहून इंजेक्शन भरायचं. अमुक चेहऱ्याचा माणूस दिसला की धरा, असं पोलिसांना सांगताना फोटो द्यावा लागतो ना, तसा हा फोटो. आणि तो एकाच माणसाच्या गाठीचा असतो. शेजारच्या बेडवरच्या रुग्णाला तीच लस टोचली तर बहुधा काहीच घडणार नाही. म्हणून ‘सगळ्यांना एकच लस’ या कल्पनेला इथे अर्थच उरत नाही. ‘एकदा टोचली की’ हेही चूक. मॉडर्नाच्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी, एकूण नऊ डोस होते.

फळ काय मिळालं? मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरचे 157 रुग्ण घेतले. सगळ्यांची गाठ ऑपरेशननं काढलेली, पण रोग परतण्याचा धोका मोठा. काहींना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध एकटं दिलं, काहींना त्याच्याबरोबर लस. दीड वर्षानं रोग न परतता असलेले पहिल्या गटात 62 टक्के, दुसऱ्यात 79 टक्के. मला हा निकाल खरंच आशादायक वाटतो. तरी 79 म्हणजे 100 नव्हे, आणि इथे ‘बरा होईल’ असं कुणी म्हणालेलंच नाही. मोजलं ते इतकंच, की काढलेला रोग परत आला का.

“आता केमोची गरज नाही.”

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

स्वादुपिंडाचा कॅन्सर सगळ्यांत दगाबाज. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये सर्जन विनोद बालचंद्रन यांच्या चमूनं बायोएनटेकची लस 16 रुग्णांना दिली. त्यांचा क्रम असा होता: आधी ऑपरेशन. मग अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा एक डोस. ऑपरेशननंतर सुमारे नऊ आठवड्यांनी लस सुरू. आणि त्यानंतर केमोच्या बारा सायकल. एफओएलएफआयआरआयएनओएक्स या चार औषधांच्या केमोचाच एक प्रकार, म्हणजे अंगावर येणाऱ्यांपैकी एक. सोळापैकी आठ जणांच्या शरीरानं लशीला दाद दिली. सरासरी तीन वर्षांवर पाहिलं तर त्या आठांपैकी दोघांचा रोग परतला होता. दाद न देणाऱ्या आठांपैकी सातांचा. आकडे छोटे आहेत, त्यावरून उड्या मारता येणार नाहीत. पण ज्यांचं उदाहरण देऊन लोक केमो सोडायला सांगतात, त्यांनी स्वतः केमो घेतला होता.

याहून बोलकं उदाहरण राल्फ स्टाइनमन यांचं. रॉकफेलर विद्यापीठातले शास्त्रज्ञ. 1973 साली त्यांनी डेंड्रायटिक पेशी शोधल्या. रोगाचा ‘फोटो’ प्रतिकारपेशींपर्यंत नेऊन दाखवणारे दूत ते हेच. कॅन्सरच्या लशींचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. 2007 मध्ये त्यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. सहकाऱ्यांनी त्यांच्याच गाठीपासून, त्यांच्याच पेशींपासून प्रायोगिक लशी केल्या. जगात लशीवर विसंबायचा अधिकार कुणाला असेल तर तो या माणसाला. त्यांनी काय केलं? ऑपरेशन करून घेतलं, केमो घेतला आणि लशीही घेतल्या. साडेचार वर्षं जगले, जे त्या रोगात पुष्कळ आहे. 30 सप्टेंबर 2011 ला गेले, आणि तीनच दिवसांनी त्यांना नोबेल जाहीर झालं. ते गेल्याचं समितीला माहीत नव्हतं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, तरी ते तसंच ठेवलं गेलं.

“कंपन्यांनी शंभर वर्षं दडपून ठेवला.”

यामागे विल्यम कोली यांची गोष्ट आहे. गोष्ट खरी, निष्कर्ष चुकीचा. न्यूयॉर्कच्या या तरुण सर्जनला जुन्या केसपेपरांत एक रुग्ण सापडला. मानेवरची गाठ कितीदा कापली तरी परत यायची. मग त्याला विसर्प नावाचा त्वचेचा जबर संसर्ग झाला, ताप चढला, आणि गाठ नाहीशी झाली. कोलींनी शहर पालथं घालून त्या माणसाला गाठलं. तो ठणठणीत होता. 1891 पासून कोली रुग्णांना मुद्दाम ते जंतू टोचू लागले. काही जण संसर्गानंच दगावले, म्हणून पुढे मारलेले जंतू वापरले.

आता दडपण्याचं बघा. पार्क-डेव्हिस या औषध कंपनीनं 1899 पासून हे मिश्रण बाजारात विकलं, तेही कित्येक दशकं. दडपणारे असे नसतात. ते मागे पडलं कारण दर वेळी मिश्रणाची ताकद वेगळी असे, डोस वेगळा, नोंदी अपुऱ्या, आणि त्याच काळात रेडिएशन आलं, ज्याचा परिणाम मोजता येत होता. कोलींच्याच रुग्णालयातले जेम्स यूइंग यांनी त्यांना विरोध केला हे खरं, आणि त्यात थोडा अहंकारही असावा. पण कल्पना मेली नाही. कोलींची मुलगी हेलन हिनं 1953 मध्ये न्यूयॉर्कला याच संशोधनासाठी संस्था काढली. आणि मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये आजही पिशवीत बीसीजीचे जिवंत जंतू सोडतात, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. ही कोलींचीच वाट. यासाठीचं बीसीजी पुण्यातही बनतं.

कंपन्यांवर राग काढायचाच असेल तर किमतीवर काढा, तिथे तो रास्त आहे. अमेरिकेत 2010 मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पहिली उपचारलस मंजूर झाली. किंमत 93,000 डॉलर, आयुष्य वाढलं ते मध्यमानानं चार महिने. इम्युनोथेरपीची साधी औषधंही आपल्याकडे भल्याभल्यांना झेपत नाहीत. याला उत्तर शोधलं ते मुंबईत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे असंच एक औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम, गोळ्यांच्या हलक्या केमोबरोबर देऊन पाहिलं. वर्षभर जगलेले रुग्ण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. तंबाखूनं पोखरलेल्या या राज्यात ही बातमी घराघरात जायला हवी होती. तिला ना झेंडा होता ना सायरन.

मधला “मोफत” राहिला, पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काप्रिन बोलले ते रशियातल्या रुग्णांबद्दल.

मावशीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. तिला स्टाइनमन सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे ज्यानं शोधली त्यानंपण केमो घेतला?” म्हटलं, हो. मग तिनं विचारलं की पाचव्या सायकलला सोबत कोण येणार, आणि येताना लिंबाचं लोणचं आण.