मरिन हेडलँड्समधल्या बंद वाटा आणि आपली सायकल

मंडळी, गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेला मरिन हेडलँड्समध्ये माउंटन बाइक घेऊन जाणाऱ्या बे एरियातल्या आपल्या लोकांसाठी हे लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, पण दोन ओळींत उरकण्यासारखा विषय नाही.

सध्या एका ग्रुपवर रात्रीच्या राइडचे व्हिडिओ फिरताहेत. हेल्मेटवर दिवे, अरुंद पायवाट, दोन्ही बाजूंना झुडपं. ही वाट फक्त चालणाऱ्यांसाठी आहे असं सांगणारी पाटी व्हिडिओच्या सुरुवातीलाच स्वच्छ दिसते. खाली कौतुकाचा पाऊस. मला हे अजिबात पटत नाही.

आधी एक स्पष्ट करते. बंद असलेल्या अरुंद वाटांपैकी काही सायकलसाठी खुल्या व्हायला हव्यात असं माझंही ठाम मत आहे. रुंद फायर रोडवर, म्हणजे वणवा लागला तर बंब जावेत म्हणून काढलेल्या कच्च्या रस्त्यावर, चढायला बरं वाटतं. पण डोंगराच्या कुशीतून वळणं घेत उतरणाऱ्या सिंगलट्रॅकवर, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल इतक्या अरुंद वाटेवर, जो आनंद मिळतो तो तिथे नाही. तो आनंद मागणं काही गैर नाही. प्रश्न तो कुठे आणि कसा मागायचा एवढाच आहे.

व्हिडिओवाल्यांचा लाडका मुद्दा असा: "माउंटन बाइक जन्मली मरिनमध्ये, आणि मरिनमध्येच तिला बंदी!" जन्माचं खरं आहे. टॅमलपायस डोंगराच्या परिसरात सत्तरच्या दशकात काही तरुण पोरं 1930-40 च्या काळातल्या जाडजूड श्विन सायकली शोधून आणायची, त्यांना मोठे टायर घालायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. 21 ऑक्टोबर 1976 ला फेअरफॅक्स गावाजवळ पहिली रीपॅक शर्यत झाली. उतार साधारण तीन किलोमीटरचा, पण त्यात जवळपास 1,300 फूट खाली. उलटं पेडल मारून लागणारे ते जुने ब्रेक इतके तापायचे की मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावं लागायचं. शर्यतीला नाव पडलं ते त्यावरूनच. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने 1977 मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली, ती आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन 1979 मध्ये धंदा सुरू केला आणि पुढे ही सायकल जगभर गेली. फेअरफॅक्समधल्या सायकल संग्रहालयात हा सगळा इतिहास मांडून ठेवला आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

पण ही शर्यत ज्या वाटेवर व्हायची, तो फायर रोड होता. आजही आहे. ज्या रुंद रस्त्यांना आपण कंटाळवाणे म्हणतो, त्यांच्यावरच या खेळाचा पाया घातला गेला. त्यामुळे "आमच्या पूर्वजांची वाट हिरावून घेतली" हा सूर मला खोटा वाटतो.

बंदी कशी आली हेही माहीत असायला हवं. 1987 मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसने नियम केला की एखादी वाट सायकलला खुली असल्याचं जाहीर झालेलं नसेल, तर ती बंद समजायची. पुढे गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात, ज्यात हेडलँड्स येतं, कुठली वाट कोणासाठी हे ठरलं. बायसिकल ट्रेल्स कौन्सिल ऑफ मरिन ही संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. 1996 मध्ये अपील न्यायालयाने निकाल पार्क सर्व्हिसच्या बाजूने दिला. सायकलवाले हरले. पण ते उजेडात, स्वतःच्या नावानिशी लढले. रात्री दिवे लावून पाटीशेजारून निसटणाऱ्यांना त्यांचा वारसा सांगता येणार नाही.

आता या जमिनीबद्दल, कारण माझ्या रागाचं मूळ तिथे आहे. टेनेसी व्हॅलीच्या पार्किंगपासून मरिनसेलो नावाचा रुंद रस्ता वर चढतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो चढलेला असेल. एवढा प्रशस्त, एकसारख्या चढाचा रस्ता रानात कोणी काढला? साठच्या दशकात थॉमस फ्राउज नावाचा बिल्डर आणि गल्फ ऑइल कंपनी यांनी या टेकड्यांवर मरिनसेलो नावाचं अख्खं शहर वसवायचं ठरवलं होतं. 30,000 लोकवस्ती, पन्नासेक टॉवर. कामही सुरू झालं, वेशीचे खांब उभे राहिले, आणि मुख्य रस्ता खणला गेला तोच हा. स्थानिक लोक उभे राहिले. सह्या गोळा केल्या, सुनावण्यांना बसले, बॉब प्रेट्झेल, मार्टी रोझन आणि डग फर्ग्युसन या वकिलांनी झोनिंगला, म्हणजे तिथे बांधकामाला दिलेल्या जमीनवापराच्या मंजुरीला, न्यायालयात आव्हान दिलं. मार्था गर्बोडी या दानशूर बाईंनी पडद्यामागून बोलणी केली. शेवटी 1972 मध्ये गल्फने ती जमीन नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्गरक्षण संस्थेला 65 लाख डॉलरला विकली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे राष्ट्रीय क्षेत्र कायद्याने अस्तित्वात आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दारात एवढी मोकळी टेकडी उरली, ती कागदपत्रं वाचत रात्री जागवणाऱ्या माणसांमुळे. त्यांनी वाचवलेल्या डोंगरावर, त्यांच्या जुन्या शत्रूने खणलेल्या रस्त्याने आपण चढतो आणि वर पोचल्यावर नियमांना शिव्या देतो. मला हे फार खुपतं.

समुद्राकडची बाजू लष्कराने राखली. तिथे शतकभर लष्कराचे तळ होते म्हणून घरं झाली नाहीत. बॅटरी (म्हणजे तोफांचं ठाणं) टाउन्सलीमध्ये 16 इंची तोफा होत्या, सुमारे 950 किलोचा गोळा 40 किलोमीटरवर समुद्रात टाकू शकणाऱ्या. वर गवत आणि रानफुलं, आत काँक्रीटचे बोगदे. आकाशातून दिसू नये अशी सगळी रचना. हॉक हिलवरची बॅटरी 129 दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतली, पण तिच्यावर तोफा कधी चढल्याच नाहीत. फोर्ट बॅरीतला नाइकी क्षेपणास्त्र तळ 1954 ते 1974 चालू होता. आता तो नीट जतन केला आहे, आणि जमिनीखालून क्षेपणास्त्र वर आणणारी लिफ्ट आजही चालवून दाखवतात. पॉइंट बोनिटाचा दीपस्तंभ 1855 चा. आधी तो इतका उंच बांधला की धुक्याच्या वर राहायचा आणि जहाजांना दिव्याचा उपयोगच नव्हता, म्हणून 1877 मध्ये खाली खडकाच्या टोकावर हलवला. तिथे जायला खडक फोडून केलेला बोगदा आणि झुलता पूल आहे.

आपण किल्ले पाहत वाढलेली माणसं. तटबंदीचा एक दगड दिसला तरी थांबून चोर दरवाजा कुठे असेल ते शोधणारे. इथे मात्र आपलीच मंडळी घड्याळ बघत बॅटरीसमोरून सुसाट जातात आणि घरी येऊन ॲपवर वेळ टाकतात. थांबा हो. सायकल टेकवा, बोगद्याच्या तोंडाशी उभं राहा. वेळेची नोंद सुधारायला रोज रस्ते पडले आहेत.

दुसरी गोष्ट, मिशन ब्लू नावाचं निळं फुलपाखरू. ते 1976 पासून, म्हणजे रीपॅकच्याच वर्षापासून, संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. जगात त्याची ठिकाणं मोजकीच, त्यातलं एक हेडलँड्स. त्याच्या अळ्या ल्युपिनच्या झाडांशिवाय दुसरं काही खात नाहीत, आणि ही झुडपं नेमकी मोकळ्या मातीत, वाटांच्या कडेला येतात. अरुंद वाटेवर समोरून कोणी आलं की सायकल कडेला जाते. रात्री तर कडेला काय आहे ते दिसतही नाही. वाटेची झीज म्हणाल तर ती चाकापेक्षा वाट कशी आखली आहे यावर जास्त ठरते असं माझं निरीक्षण आहे. सरळ खाली सोडलेली वाट बुटांनीही धुऊन जाते. पण फुलपाखराच्या बाबतीत माझ्याकडे सायकलच्या बाजूने उत्तर नाही.

आणि माणसं. टेनेसी व्हॅलीत घोड्यांचा तबेला आहे. आंधळ्या वळणावर अचानक सायकल आली की घोडा बिथरतो आणि वरचा माणूस पडतो. शेजारच्या टॅमलपायसच्या पाणलोट क्षेत्रात सायकलला ताशी 15 मैलांची मर्यादा आहे आणि वळणावर 5 मैलांची. कोणाला हे जाचक वाटतं. मला तिथे चालताना आजी-आजोबा दिसतात, हातात काठी, कान थोडे कमी, मागून येणारी सायकल ऐकू न येणारे. नियम त्यांच्यासाठी आहे.

मग वाट खुली व्हावी कशी? डायस रिजकडे बघा. म्यूर बीचकडे उतरणारी ही जुनी वाट पार धुपली होती. ती नव्याने आखली, उतार सौम्य केला, वळणं दिली, पाणी बाजूला काढलं, आणि आता चालणारे, घोडेवाले, सायकलवाले सगळे ती वापरतात. हे आराखडे, सुनावण्या आणि फावडी यांतून झालं. माझ्या मते अशा आणखी जोडवाटा होऊ शकतात. वार ठरवून दिले तरी चालेल, एक दिवस सायकलचा, एक दिवस चालणाऱ्यांचा. पण अशा प्रस्तावावर सुनावणी होईल तेव्हा विरोधक पुरावा म्हणून काय आणणार आहेत? तुमचाच व्हिडिओ. एका रात्रीच्या मौजेत आपण सगळ्यांची बाजू कमजोर करतो आहोत.

म्हणून मागणं साधं आहे. ते व्हिडिओ काढून टाका. वाटा दुरुस्त करायला स्वयंसेवकांचे दिवस असतात, तिथे या. आपल्या मंडळात गणपतीला शंभर हात लागतात तसे इथेही लागतील. पार्क सर्व्हिस आराखड्यावर लोकांची मतं मागवते तेव्हा लिहा, कुठली वाट, का, आणि चालणाऱ्यांची काळजी कशी घ्याल ते. इंग्रजी पत्राला मदत हवी असेल तर मी करेन.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: सॉसलिटोकडून बेकर-बॅरी बोगद्यातून आत शिरा, गाड्या एका वेळी एकाच दिशेने सोडतात पण सायकलला वेगळी पट्टी आहे. बॉबकॅट नावाच्या वाटेने चढा, मरिनसेलोने टेनेसी व्हॅलीत उतरा, मग ओल्ड स्प्रिंग्ज वाट धरा. ही वाट अरुंद आहे आणि सायकलला कायदेशीर खुली आहे, तेव्हा सिंगलट्रॅकची हौस तिथे फेडा. वरून मीवॉक वाट धरून रोडिओ लगूनला या. माती लाल दिसते, कोकणची आठवण येईल, पण हा जांभा नाही. समुद्रतळाशी साठलेल्या गाळाचा चर्ट नावाचा खडक आहे, आणि त्याची खडी टणक जमिनीवर मण्यांसारखी घरंगळते. पुढचा ब्रेक हलकाच दाबा, टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर वाट वाळेपर्यंत जाऊ नका. उन्हाळ्यात दुपारीसुद्धा धुकं येतं, जॅकेट लागतंच. आणि निघण्याआधी पार्कचा ताजा नकाशा पाहून घ्या, कुठली वाट कोणाला खुली ते त्यावर लिहिलेलं असतं.